पांढरं घालून ये

एप्रिल उजाडला की कॅनडातल्या विनिपेगमधल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत पांढरं काही शिल्लक राहत नाही. शर्ट, पँटी, स्वयंपाक्यांचे कोट, रंगाऱ्यांचे ओव्हरऑल, एवढंच काय कुणीतरी लग्नात एकदा घालून देऊन टाकलेले गाऊनसुद्धा लोक उचलून नेतात आणि ते घालून डाउनटाउनला जातात, कारण जेट्स प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, असतात आणि प्लेऑफला विनिपेगात पांढरंच घालायचं असतं. याला व्हाइटआउट म्हणतात. कोल्हापूरच्या मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर माझे फोटो बघून दरवर्षी विचारतात की हे काय चाललंय तुमच्याकडे, एवढी माणसं पांढऱ्या कपड्यात रस्त्यावर का उभी आहेत, आणि मी दरवेळी दोन ओळीत काहीतरी सांगते आणि मला दरवेळी वाटतं की यातलं काहीच सांगून झालं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

तर जेट्स म्हणजे आमची बर्फावरच्या हॉकीची टीम. एनएचएल ही लीग कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे मिळून चालते, त्यात 32 टीम्स, न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशी अवाढव्य शहरं, आणि त्यात आमचं विनिपेग, वस्ती साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे लीगच्या हिशोबात अगदी लहान. अरीनापण लीगमधल्या सगळ्यात छोट्यांपैकी, पंधरा हजारांच्या वर थोडी माणसं बसतात. जानेवारीत बाहेर उणे 30, वारा असेल तर अजून खाली, गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ती रात्री विजेच्या प्लगला लावून ठेवायची. आणि नेमका तोच हॉकीचा सीझन, ऑक्टोबर ते एप्रिल. अशा थंडीत माणूस घराबाहेर पडतो तो एकतर कामासाठी नाहीतर जेट्ससाठी, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

मी इथे एका केअर होममध्ये काम करते, म्हातारी माणसं राहतात तिथे. नवीन असताना मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कोल्हापुरात आमच्या घरात भाऊ, काका, चुलतभाऊ सगळे फुटबॉलचे वेडे, पाटाकडील टीमची मॅच असली की दुपारपासून घरात जेवणाचा पत्ता नाही, शाहू स्टेडियमवर जायचं म्हणजे जायचं, पण आमच्या घरातल्या मुली कधी गेल्या नाहीत. गोल झाला की पेठेत आरडाओरडा व्हायचा आणि आम्ही बायका घरात बसून तो ऐकायचो, संध्याकाळी भाऊ घसा बसवून आले की मग त्यांच्याकडून सगळं ऐकायचं. नाद काय असतो ते मला तिथेच कळलं होतं, फक्त तो नाद करायला मला जागा नव्हती. ती जागा मला विनिपेगात मिळाली आणि ती दिली माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकांनी. एक फिलिपिनो, एक युक्रेनियन घराण्यातली तिसऱ्या पिढीची कॅनेडियन, एक पंजाबी. प्लेऑफच्या आदल्या दिवशी त्यातल्या एकीने मला विचारलं पण नाही की तुला आवडतं का, तिने फक्त सांगितलं, उद्या पांढरं घालून ये. झालं, मी आत.

आमच्या होममध्ये व्हाइटआउटच्या दिवशी टीव्हीच्या खोलीत सगळ्या आजी-आजोबांना पांढरं घालतात. कुणाकडे जर्सी असते, कुणाकडे नसते, मग उशीच्या अभ्र्याला डोकं आणि हात जातील अशी भोकं पाडून तो अंगात चढवायचा, एकदा मी स्वतः असे ढीगभर अभ्रे कापलेत. तिथे एक आजी होत्या, त्यांच्याकडे 13 नंबरची जुनी जर्सी होती, कॉलर पिवळी पडलेली, कोपरावर रफू केलेलं. 13 नंबर म्हणजे तेमू सेलाने, फिनलंडचा पोरगा, 1992-93 मध्ये त्याने आपल्या पहिल्याच सीझनमध्ये 76 गोल केले, नवख्या खेळाडूचा तो रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेला नाही. आजींना आदल्या दिवशी काय जेवलो ते आठवत नसे पण ते 76 गोल पाठ. त्यांच्याकडूनच मला पहिल्यांदा कळलं की ही टीम एकदा गावातून गेली होती.

आणि हे समजल्याशिवाय विनिपेगचे फॅन्स समजतच नाहीत, म्हणून जरा मागे जाते.

जेट्स सुरू झाले 1972 मध्ये, दुसऱ्या एका लीगमध्ये, ती लीग बंद पडल्यावर 1979 मध्ये एनएचएलमध्ये आले. 1987 मध्ये पहिल्या राउंडला समोर कॅलगरी होतं, त्यांचे लोक सगळे लाल घालून बसायचे, म्हणून विनिपेगने ठरवलं आपण पांढरं घालू. सिरीज जेट्सने जिंकली आणि ते पांढरं जे चिकटलं ते कायमचं. पण पुढे नव्वदच्या दशकात गणित बिघडलं. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यायचे, तिकिटांचे पैसे येणार कॅनेडियन डॉलरमध्ये, तो डॉलर तेव्हा पार खाली गेलेला, पगारांवर कसली मर्यादा नाही त्यामुळे मोठ्या शहरांच्या टीम्स वाट्टेल तेवढे देऊ शकायच्या, आणि अरीना जुनी, मोठ्या कंपन्यांना विकता येतील अशा खास बॉक्सेस तिच्यात जवळपास नाहीतच. मालकांना परवडेना.

1995 च्या मे महिन्यात लोक रस्त्यावर आले. इथे दोन नद्या मिळतात त्या जागेला द फोर्क्स म्हणतात, तिथे टीम वाचवायला 35,000 च्या आसपास माणसं जमली होती. शाळेतल्या पोरांनी पिगी बँका फोडून सुट्टे पैसे आणून दिले. कुणी पगार दिला, कुणी साठवलेले दिले, लाखो डॉलर जमले. तेवढ्याने एक वर्ष मिळालं, फक्त एकच वर्ष. 28 एप्रिल 1996 ला डेट्रॉइटविरुद्ध प्लेऑफची शेवटची गेम झाली, जेट्स 4-1 ने हरले आणि टीम अ‍ॅरिझोनात फिनिक्सला गेली. वाळवंटात! आजी त्या दिवशी त्या अरीनामध्ये होत्या. त्या म्हणायच्या गेम संपली तरी माणसं उठेनात, बाहेर गेलो की संपलं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मुलीने आपली पिगी बँक दिली होती, चिनी मातीचं डुक्कर, ती मुलगी आता पन्नाशीकडे आलीय आणि भेटायला यायची तेव्हा तीपण हीच गोष्ट सांगायची, दोघीजणी तीच गोष्ट एकमेकींना परत परत सांगायच्या आणि कुणालाच त्याचा कंटाळा यायचा नाही.

मग 15 वर्षं टीम नाही. मधे खालच्या लीगची मॅनिटोबा मूस ही टीम होती (मॅनिटोबा म्हणजे आमचा प्रांत), लोकांनी तिला जीव लावला, 2004 मध्ये डाउनटाउनला नवीन अरीना झाली, 2005 मध्ये लीगने पगारांवर मर्यादा आणली म्हणजे लहान शहराचापण निभाव लागेल अशी सोय झाली. आणि 31 मे 2011 ला जाहीर झालं की अटलांटाची टीम विकत घेतली, एनएचएल परत येतंय. लोक पोर्टेज आणि मेन या चौकात धावत सुटले, तो इथला सगळ्यात मोठा चौक. लीगची अट होती की आधी 13,000 सीझन तिकिटं विकून दाखवा, म्हणजे हे शहर नुसतं रडतंय की खरंच पैसे टाकेल ते बघू. सगळ्या लोकांसाठी विक्री खुली झाली तेव्हा ती 17 मिनिटांत संपली. नुसत्या एका सीझनसाठी नाही हं, तीन ते पाच वर्षांची बांधिलकी घेऊन लोकांनी ती घेतली, आणि टीमचं नाव काय ठेवणार तेसुद्धा तोवर जाहीर झालं नव्हतं. नाव नंतर जूनअखेरीला ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या, वेळी सांगितलं, जेट्स.

9 ऑक्टोबर 2011 ला पहिली गेम, मॉन्ट्रियलकडून 5-1 ने हार. तेव्हा मी इथे नव्हते, पण ज्या कुणाला विचारावं तो ती गेम जिंकल्यासारखीच सांगतो.

एक गोष्ट मात्र मला बोलायचीय, इथे आनंदात ती कधी कधी राहून जाते. आपल्याला टीम मिळाली म्हणजे अटलांटाची गेली. तिथेपण लहान पोरं होती, त्यांच्याकडेपण जर्सी होत्या, आणि त्या शहराची तर ही दुसरी वेळ, 1980 मध्ये त्यांची पहिली टीम उचलून कॅलगरीला नेली होती. आणि आमची जुनी टीम जी अ‍ॅरिझोनात गेली ती 2024 मध्ये तिथूनपण उठली आणि युटाला गेली. तेव्हा इथे काही लोक म्हणाले बरं झालं. मला नाही तसं वाटलं, आणि आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांना नाही वाटलं. शेवटच्या गेमला रडणारी ती माणसं टीव्हीवर दिसली तेव्हा आजींची मुलगी म्हणाली की मी यांना ओळखते, म्हणजे प्रत्यक्ष ओळखत नाही पण ओळखते. ज्याची एकदा गेलीय त्याला दुसऱ्याची जाताना बघवत नाही हे मला त्या दिवशी फार पटलं.

आता आमचा ग्रुप म्हणजे काय ते सांगते. एका माणसाला सीझन तिकीट परवडणं कठीण आहे, आमच्यासारख्या पगारावर तर नाहीच. रेग्युलर सीझनच्या चाळीसेक गेम्स घरच्या अरीनात होतात, प्रत्येक गेमला जाणं सुट्ट्या आणि शिफ्टमुळे शक्यपण नाही. म्हणून लोक वाटे करतात. आमच्या दोन खुर्च्या आहेत, वरच्या मजल्यावर, आणि त्यात चार घरं मिळून पैसे घालतो. सप्टेंबरमध्ये एका घरी जमायचं, बहुतेक वेळा गॅरेजमध्ये कारण तिथे मोठं टेबल मांडता येतं, सीझनचं वेळापत्रक छापून आणायचं, चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचा आणि मग एकेकाने एकेक गेम उचलायची. पहिल्यांदा टोरंटो जाते, नाहीतर मॉन्ट्रियल, त्यातून ती शनिवारी रात्री असली तर बघायलाच नको. मग एडमंटन. मंगळवारच्या गेम्स शेवटी उरतात. पेन्सिलने नावं लिहायची कारण नंतर अदलाबदल होतेच, कुणाच्या मुलाचा वाढदिवस असतो, कुणाची नाइट शिफ्ट लागते, कुणाची आई भारतातून येणार असते. आमच्या टेबलावर एका बाजूला पेरोगी म्हणजे बटाटा भरलेले युक्रेनियन डम्पलिंग असतात, शेजारी पान्सित म्हणून फिलिपिनो शेवया असतात, समोसे असतात आणि मी दरवर्षी कांदाभजी तळून नेते, ती पहिल्या पाच मिनिटांत संपते.

या टेबलावर मी जेवढी इंग्रजी शिकले आणि जेवढी माणसं जोडली तेवढी दुसरीकडे कुठे नाही. माझं बाळंतपण झालं तेव्हा घरात कुणी मोठं माणूस नव्हतं, व्हिसा वेळेत मिळाला नाही म्हणून आई येऊ शकली नाही, तेव्हा याच लोकांनी पाळी लावून डबे आणले. त्याचं वेळापत्रकपण त्यांनी तसंच केलं होतं, कागदावर, पेन्सिलने, तिकिटांचं करतात तसं. हॉकीच्या टीमचा आणि बाळंतिणीच्या डब्याचा संबंध काय असं कुणी विचारेल, पण संबंध आहे, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं दोन खुर्च्या वाटून घेतल्या त्यांना एकमेकांची शिफ्ट, आजारपण, पोरांच्या शाळा सगळं माहीत झालेलं असतं.

आता अरीनात काय असतं ते. डाउनटाउनच्या बऱ्याच इमारती वरच्या वर बंद पुलांनी जोडलेल्या आहेत, त्यामुळे लांब गाडी लावली तरी बर्फात न उतरता आतल्या आत चालत अरीनात जाता येतं, आणि त्या पुलांवरूनच जर्सी घातलेली माणसं दिसायला लागतात. ओळख नसते पण गो जेट्स गो म्हणतातच. सिटी बसच्या पाटीवर नंबराच्या जागी मधून मधून तेच लिहून येतं. ही अरीना जिथे आहे तिथे आधी ईटन्सचं भलंमोठं दुकान होतं, त्या टिमोथी ईटनचा ब्राँझचा पुतळा आता अरीनाच्या आत ठेवलाय, खुर्चीत बसलेला. त्याच्या बुटाचं टोक चोळलं की शुभ असतं असं इथे मानतात, दुकान होतं तेव्हापासून. सगळा पुतळा काळपट आणि बुटाचं टोक तेवढं हात लागून लागून सोन्यासारखं चकचकीत. सूट घातलेला मॅनेजर असो, कॉलेजची पोरं असोत, रांगेत थांबून हात लावून पुढे जातात. मला तर हे कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही, पायाला हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही हे आपल्या रक्तातच आहे, माझी लेक त्याला रीतसर नमस्कार करते.

मग राष्ट्रगीत. कॅनडाच्या राष्ट्रगीतात ट्रू नॉर्थ असे दोन शब्द येतात आणि टीम परत आणणाऱ्या कंपनीचं नाव ट्रू नॉर्थ, तर तेवढे दोन शब्द आले की अख्खी अरीना गाणं सोडून जीव खाऊन ओरडते. 2011 पासून हे चालू आहे. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला, अजून येतो. डिसेंबर 2023 मध्ये साउथ एशियन हेरिटेज नाइट होती तेव्हा शाळेतल्या मुलांनी हेच राष्ट्रगीत इंग्रजीबरोबर पंजाबीत गायलं. इथल्या मूळ लोकांच्या ओजिब्वे भाषेतपण मुलींनी ते गायलंय. पंजाबीतल्या दिवशी आमची पंजाबी मैत्रीण सासू-सासऱ्यांना घेऊन गेली होती, सासरे घरी कायम पंजाबी कॉमेंट्रीवर हॉकी बघणारे, 2008 पासून इथे टीव्हीवर पंजाबीतून हॉकी लागते, पण अरीनात ते आधी कधी आले नव्हते. ती सांगत होती की गाणं सुरू झालं तसे ते उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी गोऱ्या आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दोघे पुढे गेमचे तीनही पिरियड शेजारी बसून एकमेकांना काय काय समजावत होते, भाषा निम्मी कळत होती. घरी जाताना दोघांनी टोप्या बदलल्या, म्हणजे हॉकीच्या लोकरी टोप्या, पगडीवर ती बसेना म्हणून सासऱ्यांनी खिशात घालून आणली.

समोरच्या टीमला चिडवण्यातपण इथले लोक एक नंबर. अलेक्झांडर ओव्हेचकिन इतका महान खेळाडू, तो 2011 मध्ये पहिल्यांदा इथे आला तेव्हा त्याच्याकडे पक (हॉकीची रबरी चकती) गेला रे गेला की सगळे एका सुरात त्याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं नाव घेऊन, क्रॉस्बी तुझ्यापेक्षा भारी, म्हणून ओरडायचे. शिवी नाही, वाईट शब्द नाही, बरोबर दुखेल तिथे बोट. पंधरा हजार माणसं कुणी न सांगता एकदम ठरवतात की आता काय ओरडायचं, हे कसं होतं ते मला अजून उमगलेलं नाही.

पण खरी गंमत बघायची तर 4 मे 2025. त्या वर्षी जेट्स रेग्युलर सीझनला अख्ख्या लीगमध्ये पहिले आले होते, 116 पॉइंट, आणि तरी पहिल्याच राउंडला सेंट लुईसने सातव्या गेमपर्यंत खेचलं (एका राउंडला सातपैकी चार गेम्स जिंकायच्या असतात). हरलो तर घरी. शेवटची दोन मिनिटं उरली आणि आपण 3-1 ने मागे. मी तिकीट नसल्यामुळे बाहेरच्या स्ट्रीट पार्टीत होते, रस्ता बंद करून मोठे स्क्रीन लावतात, आणि लोक गप्प झाले होते. तरी कुणी घरी जात नव्हतं हे मी स्वतः बघितलंय. मग नामेस्टनिकोवने एक मारला, 3-2. आणि अगदी शेवटी, घड्याळात दोन-तीन सेकंद उरलेली असताना, कोल पर्फेटी. 3-3. सातव्या गेममध्ये एवढ्या उशिरा बरोबरी कधीच कुणी केली नव्हती. माझ्या शेजारी एक माणूस लग्नाच्या गाऊनमध्ये होता, सहा फूट उंच, दाढीवाला, त्याने मला उचललं आणि मग सॉरी म्हणाला आणि मग परत उचललं. मग एक ओव्हरटाइम गोलाशिवाय गेला, दुसरा पण संपत आला आणि कॅप्टन अ‍ॅडम लोरीने पकला काठी लावून तो आत वळवला. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. लोक रडत होते, अनोळखी बायका गळ्यात पडत होत्या, मी कोल्हापूरला भावाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळ होती, तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, आक्का, लई भारी की गं.

आणि त्याच महिन्यात दुसरं टोकपण बघितलं. पुढच्या राउंडला डॅलसशी सहावी गेम होती, आदल्या रात्री मार्क शाईफलीचे वडील अचानक गेले. 2011 मध्ये टीम परत आली तेव्हा नव्या जेट्सनी निवडलेला हा पहिला खेळाडू, 55 नंबर, इथल्या लोकांसमोर पोरगा होता तो माणूस झाला. तरी तो खेळायला उतरला. त्याने गोलपण केला. आणि मग 1-1 असताना, शेवटची काही सेकंदं उरलेली असताना गोल वाचवायला त्याने समोरच्याला पाडलं, पेनल्टी झाली, म्हणजे दोन मिनिटं बाहेर बसायचं, ओव्हरटाइम सुरू झाला तेव्हा तो पेनल्टी बॉक्समध्ये बसलेला आणि तिथेच डॅलसने गोल मारला. सीझन संपला. आम्ही मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये बघत होतो, पंधरा-वीस माणसं. टीममधले सगळे पळत, म्हणजे स्केट करत, त्याच्याकडे गेले आणि त्याला वेढून उभे राहिले. नंतर हात मिळवताना डॅलसच्या खेळाडूंनीपण एकेकाने त्याला मिठी मारली. त्या बेसमेंटमध्ये एकाही माणसाच्या तोंडून पेनल्टी का केली, हरवलं याने, असं निघालं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये नाही, कामावर नाही. बसचा ड्रायव्हर म्हणाला, बिचाऱ्याचे बाबा गेले. एवढंच. एवढ्या चांगल्या सीझनचा असा शेवट झाल्यावर संतापाचं निमित्त समोर तयार असताना अख्खं शहर आधी त्या मुलाच्या बाजूने उभं राहिलं. या एका गोष्टीसाठी मी जन्मभर जेट्सची.

हे असं एकाएकी होत नाही, त्यालापण मागे काहीतरी आहे. 2011 मध्ये नव्या टीमने रिक रिपियन नावाच्या खेळाडूला घेतलं होतं, आधी मूसकडून खेळलेला, लोकांचा लाडका. तो डिप्रेशनशी झगडत होता, आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच ऑगस्टमध्ये तो गेला, वय फक्त 27. त्याचा नंबर 11 होता, म्हणून प्रोजेक्ट 11 या नावाने टीमच्या फाउंडेशनने मॅनिटोबाच्या शाळांमध्ये मुलांना मनाच्या आरोग्याबद्दल शिकवायला सुरुवात केली. गेमच्या वेळी 50/50 ची तिकिटं विकतात, जमलेल्या पैशातले अर्धे लागेल त्याला आणि अर्धे फाउंडेशनच्या कामांना. मी दरवेळी घेते, मला कधी लागलेली नाही, आणि तरी ते पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही. कोविडमध्ये अरीना रिकामी होती, पण जून 2021 मध्ये मॉन्ट्रियलविरुद्धच्या गेमला पहिल्यांदा दार उघडलं ते लस घेतलेल्या 500 आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. आमच्या होममधल्या फिलिपिनो मैत्रिणीचा नंबर लागला. त्या वर्षी आमच्याकडे काय काय झालं होतं ते मी इथे लिहिणार नाही, पण त्या संध्याकाळी ती जर्सी घालून निघाली तेव्हा ज्या आजी-आजोबांना उठता येत होतं ते सगळे काचेपाशी येऊन तिला टाटा करत होते.

आता जे मला खरं सांगायचंय ते. हे सगळं प्रेम खुर्चीत बसल्यावर मोजलं जातं. कोविडनंतर सीझन तिकिटं 13,000 वरून साडेनऊ हजारांच्या आसपास घसरली होती. घरखर्च वाढले, डाउनटाउनची ऑफिसं घरून चालायला लागली, घरात मोठा टीव्ही, बाहेर उणे 30. फेब्रुवारी 2024 मध्ये मालकांपैकी मार्क चिपमन यांनी उघड सांगितलं की आपल्याला परत 13,000 पर्यंत जावंच लागेल, असं फार काळ चालणार नाही. त्या दिवशी आमच्या होममधल्या टीव्हीच्या खोलीत कुणी काही बोलेना. ज्यांनी 1996 बघितलंय त्यांच्या पोटात गोळा आला होता. काही लोक चिडले, की हे धमकावणं झालं, आम्ही एवढे पैसे द्यायचे आणि वर हेच ऐकायचं. त्यांचंही खरं आहे, मालकांत अब्जाधीश आणि ओझं मात्र नर्स, ड्रायव्हर, शिक्षकांवर, हे मलाही टोचतं. पण तरी मी त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपमध्ये म्हटलं की आपण सोडायचं नाही, पाहिजे तर अजून एक घर घेऊ, वाटा छोटा करू, पण खुर्च्या सोडायच्या नाहीत. कारण मी अशा घरातून आलेय जिथून स्टेडियममध्ये जाता आलं नाही, आणि ही माझी खुर्ची आहे.

2025 च्या उन्हाळ्यात जोनाथन टेव्हज जेट्सकडे आला. विनिपेगचाच, इथल्या बर्फावर वाढलेला, जुनी टीम गेली तेव्हा शाळकरी पोरगा होता, मग शिकागोकडून तीन स्टॅन्ली कप म्हणजे लीगची विजेतेपदं जिंकली, आजारपणामुळे दोन सीझन खेळला नाही आणि परत आला तो घरी. बातमी आली त्या दिवशी आजींची मुलगी होममध्ये आली होती. आजी आता नाहीत, पण ती अजून येते, बाकीच्यांबरोबर टीव्ही बघायला. ती 13 नंबरची जर्सी आता तीच घालते.

तर माझं हे वाचणाऱ्यांपैकी जे विनिपेगात राहतात त्यांच्यासाठी, विशेषतः जे नवीन आलेत, हिवाळ्यात घरात बसून कंटाळलेत, ज्यांना वाटतं हा आपला खेळ नाही. आमच्या ग्रुपमधलं एक घर एडमंटनला शिफ्ट होतंय, त्यांचा वाटा मोकळा होतोय. नियम माहीत नसले तरी चालेल, ऑफसाइड मी शिकवेन, दहा मिनिटं लागतात. पैसे एकदम द्यायची गरज नाही, आम्ही हप्ते करतो. पोरांना आणायचं असेल तर दोघांपैकी एकानेच जायचं आणि दुसऱ्या खुर्चीवर पोराला न्यायचं, मी तसंच करते. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी गॅरेजमध्ये बसून गेम्स निवडायच्यात, त्याआधी मला मेसेज करा. भजी माझ्याकडे आहे, कुणी थालीपीठ आणलं तर उत्तम.